काओमीचा काळ: राजाचं बंड की दरबारातली भाऊबंदकी?

निळी शाई
हवाईच्या इतिहासातली १८३३-३४ ही वर्षं 'काओमीचा काळ' म्हणून ओळखली जातात. काउइकेआउली म्हणजे तिसरा कामेहामेहा. १८३३ मध्ये वय फार तर एकोणीस. लहानपणापासून नावाचा राजा, कारभार काआहुमानूच्या हाती. ती थोरल्या कामेहामेहाची विधवा आणि कुहिना नुई, म्हणजे राजाच्या बरोबरीने सही करणारी कारभारीण. डिसेंबर १८२५ मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला आणि मिशनऱ्यांचे नियम दवंडी पिटून राज्याचे नियम केले. ५ जून १८३२ ला ती गेली. पुढच्या मार्चमध्ये राजाने जाहीर केलं की जमीन, कायदा आणि शिक्षा यापुढे माझ्या हाती. आणि सोबत घेतलं काओमीला.

काओमी राजाचा आइकाने. आइकाने म्हणजे सरदाराचा त्याच्याच लिंगाचा जिवलग, शेजसोबतीसकट. काओमीचा बाप बोराबोराचा, आई हवाईची, खानदानी रक्त अजिबात नाही. स्वतः ख्रिस्ती शिकवण घेतलेला, इतरांना शिकवलेलाही. रोग्याच्या अंगाला हात लावून निदान करायचा, राजाला हसवायचा. राजाने त्याला 'मोई कुई' केलं, म्हणजे जोडराजा. जमिनी, कपडे, पैसा कुणाला द्यायचा हे तो सांगू लागला.

माझं म्हणणं असं की मिशनरी नीतीविरुद्धचं हे बंड होतं आणि ते याच नात्याच्या आधाराने उभं राहिलं. बाकीच्यांना काय वाटतं?

फणसगरा
वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलो.

खडूफळा
'मिशनरी नीतीविरुद्ध' हे जरा सैल वाटतं. मिशनऱ्यांकडे सैन्य नव्हतं, तुरुंग नव्हता. अमेरिकन मिशनऱ्यांचं थॅडियस जहाज ऑक्टोबर १८१९ मध्ये बोस्टनहून निघालं आणि ४ एप्रिल १८२० ला कैलुआला नांगरलं, तोवर हवाईकरांनी आपला जुना धर्म आपणच मोडलेला होता. बाईने डुकराचं मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी खायची नाहीत आणि पुरुषांच्या पंगतीत बसायचं नाही, हा होता आई कापू ('आई' म्हणजे खाणं, 'कापू' म्हणजे धार्मिक बंदी). मोडला तर थेट मृत्युदंड. नोव्हेंबर १८१९ मध्ये काआहुमानू आणि राजमाता केओपुओलानी यांनी दुसऱ्या कामेहामेहाला बायकांच्या पंगतीत जेवायला बसवलं आणि विषय संपवला. विरोध करणारा केकुआओकालानी महिनाभरात कुआमोओच्या लढाईत पडला.

तेव्हा एका सरदार गटाने जुना कापू फेकला, मग त्याच गटाने नवा कापू आणला, या वेळी बायबलच्या नावाने. राजाचं भांडण त्या गटाशी होतं. मिशनऱ्यांनी फक्त शब्द पुरवले.

निळी शाई
@खडूफळा, शब्द पुरवणं ही लहान गोष्ट नव्हे. १८२९ मध्ये व्यभिचार आणि वेश्याव्यवसायावरचे हुकूम निघाले, १८३० मध्ये काआहुमानूने जाहीर हुला नाच बंद केला. राज्याच्या एका माणसाने दुसऱ्याच्या शेजेवर पहारा ठेवायचा ही कल्पनाच जुन्या कापूत नव्हती. कापू दर्जाचा असायचा: कोण कुणासमोर उभा राहील, कुणाची सावली कुणावर पडेल. कोण कुणाबरोबर निजतो यावर नव्हता, फक्त दर्जा बिघडू नये एवढंच.

मठ्ठा
एक शंका. आइकाने म्हणजे नुसता जिगरी दोस्त नसेल कशावरून? आजकाल सगळीकडे आपल्याला हवं ते शोधायची फॅशन आहे.

दर्याकिनारी
@मठ्ठा, शंका रास्त आहे, पण पुरावा मिशनऱ्यांच्या चाळीस वर्षं आधीचा आहे आणि तो देणाऱ्यांना यात काही सिद्ध करायचं नव्हतं. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत १७७९ मध्ये दोन जहाजं केआलाकेकुआच्या खाडीत होती. एकट्या कुकची नव्हे, अनेक अधिकाऱ्यांची रोजनिशी आहे आणि एकापेक्षा जास्त जणांनी हे स्वतंत्रपणे नोंदवलंय. सर्जन डेव्हिड सॅमवेलने तर आइकानेचं काम काय ते स्पष्टच लिहिलंय, नाक मुरडत. एका सरदाराला जहाजावरचा एक देखणा पोरगा आवडला, तर त्याला थोडा वेळ आइकाने म्हणून द्या, सहा मोठी डुकरं देतो, असा सौदा त्याने मांडला. जिगरी दोस्तीचे असे दर नसतात.

आणि हे चोरून नव्हतं. कालानिओपुऊ हा त्या बेटाचा मुख्य सरदार, त्याचा पालेआ नावाचा आइकाने जहाजावर राजाचा माणूस म्हणून येजा करायचा, गर्दी आवरायचा. १३ फेब्रुवारीला किनाऱ्यावर झटापट झाली तेव्हा एका खलाशाने याच पालेआच्या डोक्यात वल्हं घातलं. त्याच रात्री डिस्कव्हरी जहाजाची होडी चोरीला गेली, संशय पालेआवर. ती परत मिळवायला कुक सकाळी कालानिओपुऊला ओलीस धरायला उतरला आणि मारला गेला. त्या खाडीतल्या घडामोडींत आइकाने अगदी मध्यभागी आहे.

तिरकस
सहा डुकरं म्हणजे आजचे किती? महागाई निर्देशांक लावून सांगा कुणीतरी.

दर्याकिनारी
@तिरकस, त्या वेळी जहाजावर लोखंडी खिळ्यांच्या बदल्यात डुकरं घेत होते. सहा मोठी डुकरं म्हणजे भाव चांगलाच फुटला होता. :)

आजीची पोथी
काओमीवरच थांबू नका. त्याच राजाच्या आयुष्यातला दुसरा पेच पाहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. नाहिएनाएना, त्याची सख्खी बहीण. हवाईत वरच्या दर्जाच्या भाऊबहिणीचं अपत्य नीआउपिओ, म्हणजे सर्वांत पवित्र. त्याच्यासमोर लोकांनी आडवं पडायचं. १८२४ मध्ये सरदारांनीच या दोघांच्या लग्नाचा विचार मांडला होता. मिशनऱ्यांनी कानावर हात ठेवले.

१८३४ च्या जूनमध्ये राजाने आत्महत्येचा प्रयत्न केला, जुलैमध्ये बहिणीबरोबर उघडपणे शेज केली. १८३५ मध्ये तिचं लग्न लेलेइओहोकूशी लावून दिलं. १८३६ मध्ये तिला मुलगा झाला तो काही तासांत गेला, आणि ३० डिसेंबर १८३६ ला तीही गेली, एकवीस वर्षांची. राजाचं कालामाशी लग्न झालं १४ फेब्रुवारी १८३७ ला, म्हणजे दीड महिन्याने.

मिशनरी नीतीला काओमी आणि नाहिएनाएना ही दोन वेगळी पापं. राजाच्या जुन्या हिशेबात दोन्ही त्याच्या हक्काची नाती. फरक एवढाच की बहिणीशी नात्याने दर्जा वाढतो, काओमीशी नात्याने काहीच वाढत नाही. ते निव्वळ त्याचं. म्हणून मला 'प्रेम' जास्त पटतं, निळी शाई यांचं 'बंड' कमी.

फणसगरा
हे जबरदस्त. पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

कायदेपंडित नाही
'कायद्याने काय बदललं' याचा हिशेब मांडतो, कारण धाग्यात तो राहिलाय.

जानेवारी १८३५ मध्ये राजाच्याच नावाने नवी संहिता निघाली: खून, चोरी, व्यभिचार, फसवणूक, दारूबाजी. म्हणजे काओमीचा काळ संपल्याची पावती. १८५० च्या दंडसंहितेत 'निसर्गाविरुद्धचा गुन्हा' आला: वीस वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि हजार डॉलरपर्यंत दंड. संहितेचा साचा मॅसॅच्युसेट्सच्या प्रस्तावित कायद्यावरून घेतलेला. गंमत म्हणजे गादीवर तोच काउइकेआउली होता. ते कलम १९७२ च्या नव्या दंडसंहितेने गेलं. १९६३ पासून मात्र होनोलुलूत बायकी वेशात फिरणाऱ्या माहूंना (बाई-पुरुष दोन्ही अंगं असलेल्यांना) 'मी मुलगा आहे' असं लिहिलेला बिल्ला लावावा लागे, नाहीतर 'फसवण्याच्या हेतूने' वेश केल्याबद्दल अटक. तेव्हा कायदा नुसता पुस्तकात नव्हता.

पुढचं माहीत असेलच: ५ मे १९९३ ला हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाह नाकारणं हा लिंगभेद ठरू शकतो असं म्हटलं आणि साऱ्या अमेरिकेत वादळ उठलं. १९९८ च्या मतदानात हवाईतल्याच सुमारे ६९ टक्के मतदारांनी विधिमंडळाला असे विवाह रोखायचा अधिकार दिला. विवाहाचा कायदा झाला १३ नोव्हेंबर २०१३ ला, लागू २ डिसेंबरपासून.

खडूफळा
आणि आपल्याकडचं ३७७? मेकॉलेचा मसुदा १८३७ चा, संहिता १८६० ची, अंमल १ जानेवारी १८६२ पासून. हवाई त्या शर्यतीत आपल्या दहा वर्षं पुढे! आपलं ६ सप्टेंबर २०१८ ला गेलं, निदान संमतीच्या संबंधांपुरतं.

कायदेपंडित नाही
फरक आहे. आपल्यावर परक्या सरकारने लादलं. तिथे स्वतंत्र राज्याने घेतलं, कारण 'सुधारलेल्या' कायद्याशिवाय इंग्लंड-फ्रान्स बरोबरीने वागवत नव्हते. १८४३ मध्ये इंग्रज कप्तान पॉलेटने पाच महिने राज्यच बळकावलं होतं, ३१ जुलैला परत मिळालं. ज्या राजाला रोज असं गिळंकृत होण्याची भीती, तो संहितेतलं एक कलम वाचवायला लढेल?

आजीची पोथी
मराठी दुवा काढायचाच असेल तर तो ३७७ चा नाही, खुद्द मिशनचा आहे. थॅडियस ज्या अमेरिकन बोर्डाने पाठवलं त्याचंच पहिलं परदेशी ठाणं मुंबईत होतं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले, हवाईच्या सात वर्षं आधी. अमेरिकन मराठी मिशन, नगरचं ठाणं, १८४२ चं 'ज्ञानोदय', सगळं त्याच घरचं. बोर्ड तेच, छापखाना-शाळा-बायबल ही रीत तीच. इथे मात्र त्यांच्या हाती कायदा कधी आला नाही, कंपनी सरकार त्यांना फार जवळ करत नव्हतं. हवाईत राणी हाताला लागली. खडूफळांचा 'मिशनऱ्यांकडे तुरुंग नव्हता' हा मुद्दा म्हणूनच अर्धा खरा: ज्याच्याकडे तुरुंग होता तो त्यांच्याकडे होता.

खडूफळा
किंवा ते तिच्याकडे होते. काआहुमानूने त्यांना पाच वर्षं ताटकळत ठेवून मग बाप्तिस्मा घेतला. ही बाई कुणाच्या हाताला लागण्यातली नव्हती.

तिरकस
ते बंड म्हणता त्यात दारू किती आणि तत्त्व किती हेही सांगा की. सगळं वाचून मला तरी कोकणातली शिमग्याची रात्र आठवतेय.

दर्याकिनारी
दारू भरपूर. पण तीही बाजारातून आणलेली नाही, ओकोलेहाओ घरचं. की नावाच्या झाडाचं मूळ, दहा-पंधरा किलोंपर्यंतही वाढतं. कच्च्या मुळात आंबण्याजोगी साखर जवळजवळ नसते, म्हणून ते इमूत, म्हणजे तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात, पानांनी-मातीने झाकून बराच वेळ भाजायचं. भाजल्यावर काकवीसारखं तपकिरी आणि गोड होतं. मग ठेचून पाण्यात आंबवायचं आणि लोखंडी कढईत उकळून, झाकणातून काढलेली नळी गार पाण्यातून नेऊन थेंब पकडायचे. चूक होते ती भाजण्यात: घाई केली तर मूळ आतून पांढरं राहतं, आंबत नाही, आणि हाती आंबूस पाणी येतं. ऊर्ध्वपातनाची रीत १७९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून पळालेल्या एका कैद्याने शिकवली असं सांगतात.

काआहुमानूच्या काळात या भट्ट्या फोडल्या गेल्या होत्या. १८३३ नंतर ओआहू बेटावर त्या पुन्हा पेटल्या, हुला परतला, शाळा ओस पडू लागल्या. म्हणजे भट्टी लावणं हेही 'तुझा हुकूम आता चालत नाही' असं सांगणंच होतं. आणखी एक: हे सारं मुख्यतः ओआहूवर. माउईवर होआपिली, हवाई बेटावर कुआकिनी या राज्यपालांनी आपल्या बेटांवर जुनीच शिस्त राखली.

फणसगरा
आणि गोरे व्यापारी टाळ्या वाजवत असतील ना?

दर्याकिनारी
अर्थात. इंग्रज वाणिज्यदूत रिचर्ड चार्लटन मिशनऱ्यांचा हाडवैरी. खलाशांना दारू आणि बाया हव्यात, त्यात मिशन आडवं येतं. राजाच्या बाजूने असलेले सगळेच काही जुन्या रीतीचे कैवारी नव्हते.

शोधयंत्र
ज्यांना मूळ वाचायचंय त्यांच्यासाठी. १८३४ ते १९४८ मध्ये हवाईयन भाषेत शंभरावर वृत्तपत्रं निघाली, सुमारे सव्वा लाख पानं. बरीचशी फुकट वाचता येतात, पापाकिलो आणि उलुकाऊ या संकेतस्थळांवर. काही अडचणी:

जुन्या छपाईत बाराच अक्षरं, कंठ्य खूण आणि दीर्घाची रेघ नाही. म्हणून आइकाने शोधताना एक शब्द आणि तोडून दोन शब्द, दोन्ही रूपांनी शोधा. काओमी शोधताना सर्वनामं आणि अव्ययं चिकटून भलतीच नावं येतात, 'का' आणि 'ओमी' वेगळे पडले तर निकाल सोडून द्या. पानं यंत्राने वाचलेली असल्याने शाई पसरली की 'ऊ'चा 'न' होतो, निदान एक अक्षर बदलून पुन्हा शोधा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आइकाने हा शब्द सर्रास 'मित्र' म्हणून, राजकीय पाठीराख्यासाठीही येतो. १८९० च्या बातमीतला आइकाने उचलून १८३३ च्या दरबाराचा पुरावा म्हणून देऊ नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं: काओमीबद्दल सर्वांत जास्त माहिती सॅम्युएल कामाकाऊच्या १८६६ ते १८७१ मधल्या वृत्तपत्री लेखमालेत आहे. कामाकाऊ लाहाइनालुनाच्या मिशनशाळेत शिकला. त्याला हा काळ मुळीच आवडत नाही. म्हणून तो जिथे शिव्या घालतो ते सोडा, जिथे आपल्या मताविरुद्ध एखादी गोष्ट सांगून जातो ती धरा. काओमीच्या हातगुणाची, राजाच्या लळ्याची माहिती अशीच आली.

मठ्ठा
+१. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा.

रात्रपाळी
विषय सगळा राजेलोकांचा चाललाय. वाइकीकीत कुहिओ किनाऱ्यावर चार मोठे दगड आहेत, कापाएमाहू. ताहितीहून आलेले चार वैद्य, चौघेही माहू, म्हणजे बाई-पुरुष दोन्ही अंगं असलेले. त्यांनी आपली शक्ती त्या दगडांत ठेवली अशी कथा १९०७ मध्ये छापली गेली. १९४१ मध्ये ते दगड बोलिंगच्या इमारतीखाली गाडले गेले, १९६३ मध्ये बाहेर आले. १९९७ च्या पाटीवर वैद्य होते, माहू नव्हते. नवी पाटी लागायला २०२३ उजाडलं. काओमीसुद्धा ताहितीकडच्या रक्ताचा आणि हातगुणाचा, हे लक्षात घ्या.

खडूफळा
@रात्रपाळी, लक्षात घेऊ, पण दोरी ओढू नका. काओमी माहू होता असं कामाकाऊ कुठेही म्हणत नाही. आइकाने हे नातं, माहू ही व्यक्ती. दरबारातले बहुतेक आइकाने पुढे बायका-पोरं असलेले सरदार होते.

रात्रपाळी
माहू म्हटलंच नाही मी. वैद्यकी म्हटली.

तिरकस
हुलाचं पुढे काय झालं? तो तर हॉटेलात जोरात चालू दिसतो.

आजीची पोथी
१८५९ च्या कायद्याने परवाना लावला, दर प्रयोगाला १० डॉलर. मजुराला ती रक्कम झेपणारी नव्हती, हेतू तोच होता. खरा परत आणला तो राजा कालाकाउआने, १२ फेब्रुवारी १८८३ च्या राज्याभिषेक सोहळ्यात. त्यात राजाच्या गुप्तांगाची स्तुती करणारी मेले मआई गाणी होती, ही जुनी मानाची परंपरा. मिशनऱ्यांची पोरं आता साखरमळेवाली आणि वकील झाली होती, त्यांनी कार्यक्रमपत्रिकेवर अश्लीलतेचा खटला भरला. जाता जाता: हा कालाकाउआ १८८१ च्या जगप्रवासात मुंबईलाही येऊन गेला.

निळी शाई
मूळ प्रश्नाकडे येतो. काओमीचा शेवट कसा झाला हे कुणीच मांडलं नाही आणि माझं मत त्यावरच उभं आहे.

काइकिओएवा हा कौआईचा राज्यपाल, म्हातारा सरदार. त्याने माणूस घेऊन काओमीला पकडलं, हात बांधले आणि मारून टाकण्याच्या बेताने कीनाऊकडे नेलं. कीनाऊ ही राजाची सावत्र बहीण आणि नवी कुहिना नुई. राजाला कळलं तसा तो धावत गेला, म्हाताऱ्याशी झोंबाझोंबी केली आणि दोऱ्या स्वतः सोडल्या. आता हे पाहा: काइकिओएवा कोण? राजा जन्मला तेव्हा पोर मेलं असं वाटत होतं, त्याला पदरात घेऊन वाचवणारा आणि वाढवणारा पालक तोच. एकोणीस-वीस वर्षांचं पोर आपल्या पालकाला भिडतं ते कर, भट्टी किंवा हुला यांसाठी नाही. जमिनीच्या वाटपाचा अधिकार दुसऱ्या कुणालाही देता आला असता.

खडूफळा
पण काइकिओएवा का चिडला, तेही पाहा. तो मिशनऱ्यांचा निरोप्या नव्हता. एक कुळहीन माणूस सरदारांच्या जमिनी वाटतोय, हे दुखणं होतं. काओमीच्या जागी एखादा मोठ्या घरचा पोरगा आइकाने असता तर दोऱ्या बांधल्या गेल्या नसत्या. कालानिओपुऊच्या पालेआला कुणी बांधलं का? आणि मार्च १८३३ मध्ये भर सभेत सगळ्यांना वाटत होतं की राजा कीनाऊला काढून ओआहूची माजी राज्यपाल लिलिहा हिला नेमणार. त्याने नेमलं कीनाऊलाच. मिशनरी बिंगहॅम त्याचा अर्थ राजाने देवापुढे माघार घेतली असा लावतो. मला त्यात कीनाऊच्या मागे उभे असलेले सरदार मोजलेले दिसतात.

आजीची पोथी
दोघंही एकच प्रसंग दोन टोकांनी धरताय. सरदारांना कूळ खुपलं, मान्य. पण कूळ खुपलं म्हणून मारायला शब्द कुठून आणायचा? १८१९ च्या आधी 'हा आपल्या दर्जाबाहेर गेला' म्हणून मारलं असतं. १८३४ मध्ये 'पाप' म्हणता आलं. कामाकाऊ तीस वर्षांनी लिहिताना तेच म्हणतो.

खडूफळा
हे मान्य करायला हरकत नाही. तरी 'बंड' शब्द मला नको. बंडखोर १८३५ मध्ये तीच संहिता आपल्या नावाने काढत नाही.

निळी शाई
हरलेला बंडखोर काढतो. आणि तोच पुढे १८४० ची राज्यघटना देतो, १८५४ पर्यंत गादीवर राहतो, हवाईच्या सगळ्या राजांत सर्वांत जास्त काळ. कामाकाऊचा दोऱ्या सोडण्याचा भाग मुळातून मराठीत आणायला घेतलाय. शोधयंत्र, त्यातल्या जुन्या क्रियापदांसाठी तुम्हाला व्यनि करतो.

शोधयंत्र
करा. छापील पानाचं चित्र समोर ठेवा, टंकलेली प्रत नको. त्या भागात दोन ओळी गळल्यात.